मुक्तला नाव घातलंय

शिरूरच्या एसटी स्थानकावर किंवा दौंडच्या फलाटावर पंचविशीतल्या एखाद्या पोराला ‘काय करतोस?’ म्हणून विचारा. उत्तर दोन भागांत येते. पहिला भाग पोटाचा असतो. ‘रांजणगावला कंपनीत आहे’, ‘कुरकुंभला जातो’, ‘शेतीच बघतो’, ‘भरतीची तयारी चाललीय’. मग तो जरा थांबतो आणि आवाज थोडा खाली आणून दुसरा भाग सांगतो, ‘आणि मुक्तला नाव घातलंय.’

हा लेख त्या दुसऱ्या भागाविषयी आहे, आणि तो सांगताना खाली येणाऱ्या आवाजाविषयीही. मुक्त म्हणजे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. आता त्याच्या जोडीला ऑनलाइन पदव्या, ‘स्वयम’वरचे अभ्यासक्रम, क्रेडिटची बँक असे बरेच काही आले आहे. तालुक्याच्या गावात राहून, काम न सोडता शिकण्याच्या इतक्या वाटा याआधी कधीच नव्हत्या. तरीही या वाटेने निघालेली अनेक माणसे मध्येच थांबतात. ती का थांबतात आणि जी पोहोचतात ती कशाच्या बळावर, हे मला समजून घ्यायचे होते.

सत्तर किलोमीटर आणि तीन पाळ्या

शिरूर आणि दौंड हे भीमेच्या दोन अंगांचे तालुके. शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले. जुनी माणसे अजूनही गावाला ‘घोडनदी’च म्हणतात. पूल ओलांडला की नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा सुरू होतो. शिरूरला रेल्वे नाही. गावाचा सारा व्यवहार पुणे-नगर रस्त्यावर. दौंडचे नेमके उलटे. तिथे एक फाटा सोलापूरकडे, एक मनमाडकडे, एक बारामतीकडे जातो, आणि गाव रेल्वेच्या वेळापत्रकावर चालते.

दोन्ही गावांपासून पुणे साधारण सत्तर किलोमीटर. हे अंतर नकाशावर फार वाटत नाही. पण इथल्या माणसाचे अंतर पाळीत मोजावे लागते. रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या कारखान्यांत आणि कुरकुंभच्या रासायनिक पट्ट्यात सकाळ, दुपार आणि रात्र अशा तिन्ही पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला पोरगा सकाळी अकराच्या तासाला बसणार कसा? दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत. तिथला जवान सणासुदीला हमखास बंदोबस्तावर असतो. रेल्वेतल्या माणसाची ड्यूटी तर घड्याळाला जुमानतच नाही. दौंड तालुक्यातली गुऱ्हाळे आणि दोन्ही तालुक्यांतला ऊस यांचा हंगाम ऐन परीक्षेच्या दिवसांत येतो. आणि घरातली सून? तिचा दिवस तर सगळ्यांच्या डब्यांनी सुरू होतो.

या सगळ्यांची शिकण्याची इच्छा कमी नाही. महाविद्यालयाचे वेळापत्रक मात्र त्यांच्यासाठी बनलेलेच नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपले काय?

अमेरिकेत ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची संस्था शंभरहून अधिक वर्षे चालत आली आहे. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी १९०१ साली पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले. घराजवळ, कमी खर्चात, संध्याकाळच्या तासांना, कामगार आणि आयांसकट सगळ्यांना दार उघडे, अशी ही कल्पना. भारतात पुदुच्चेरीत १९९५ साली असे पहिले महाविद्यालय सुरू झाले. पुढे इग्नूने, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने, २००९ मध्ये एक योजना काढली, ती फार टिकली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत पुन्हा एक काढली. नाव मात्र आपल्याकडे रुजले नाही.

काम रुजले होते. शिरूरचे चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय घ्या. गावच्या शिक्षण प्रसारक मंडळाने चालवलेले, व्यापारी घराण्याचे नाव लावलेले, आणि आसपासच्या खेड्यांतली घराण्यातली पहिलीच शिकणारी पिढी जिथे पदवीला बसली असे. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांच्या गावी असे एक तरी महाविद्यालय आहे. कुणी जमीन दिली, कुणी देणगी दिली, कुणी आयुष्य दिले, तेव्हा ते उभे राहिले. तेच आपले कम्युनिटी कॉलेज. म्हणून ऑनलाइन शिक्षणाचा प्रश्न आपल्यापुरता असा विचारायला हवा: या महाविद्यालयाच्या आवारात त्याला जागा आहे का?

दौंड तालुक्याला तर या विचाराचा फार जुना वारसा आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे दुष्काळाच्या काळात निराधार बायकांना घेऊन त्या केडगावला आल्या. तिथल्या मुक्ती सदनात त्या बायका वाचायला शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या, विणायला आणि शेती करायला शिकल्या. ज्यांच्या शिक्षणाचे वय ‘गेले’ असे समाजाने ठरवून टाकले होते, त्यांना दुसरी संधी देण्याचे ते काम होते. शारदा सदनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये, नाशिकला मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. योगायोगच, पण मला तो फार मोलाचा वाटतो.

सतरा नंबरपासून स्वयमपर्यंत

आपल्याकडे बाहेरून शिकण्याची पहिली ओळख म्हणजे सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्या मुलाने तो भरायचा आणि दहावी-बारावीला खासगी बसायचे. पदवीसाठी पुणे विद्यापीठात ‘बहिःस्थ’ प्रवेश असे. नाव विद्यापीठात, अभ्यास घरी, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात गाईडची शोधाशोध. शिकवायला कुणी नसे. ती पद्धत आता गेली आणि विद्यापीठाची मुक्त अध्ययन प्रशाला तिच्या जागी आली.

खरे वळण आणले ते मुक्त विद्यापीठाने. इंग्लंडचे मुक्त विद्यापीठ १९६९ चे. आपल्या देशात पहिले आंध्र प्रदेशात १९८२ मध्ये निघाले, इग्नू १९८५ मध्ये आणि आपले १९८९ मध्ये. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. त्याआधी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि नंतर इग्नूचे झाले. २०२३ च्या मे महिन्यात ते गेले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे ब्रीद. त्या काळी बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला गेला. तो पार केला की पदवीचे दार उघडे. दहावीत गळालेला माळी, अंगणवाडीची मदतनीस, होमगार्ड अशी माणसे त्या दाराने आत आली.

मुक्तचे जुने पुस्तक हातात घेऊन पाहा. घटकाच्या सुरुवातीलाच उद्दिष्टे असतात, हा घटक वाचून झाल्यावर तुम्हाला काय सांगता येईल, याची. मजकूर तोडून तोडून दिलेला. दर दोन-चार पानांनी स्वयंअध्ययनाचे प्रश्न, त्यांखाली रिकाम्या ओळी, आणि उत्तरे घटकाच्या शेवटी. शेजारी शिक्षक नाही हे धरूनच हे पुस्तक लिहिलेले आहे, आणि ते मराठीत आहे. कृषीच्या प्रमाणपत्र-पदविकांत भाजीपाला, फळबाग असे विषय आले; शेतकऱ्याच्या हातात पहिल्यांदाच त्याच्या कामाचे आणि त्याच्या भाषेतले पाठ्यपुस्तक पडले.

या वाटेने गेलेल्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप यांनी शिक्षणशास्त्राची पदविका करता करता मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली आणि २०१२ च्या तुकडीत ते भारतीय प्रशासकीय सेवेत गेले. एकनाथ शिंदे यांनी मंत्री असताना, २०२० मध्ये, याच विद्यापीठातून बी.ए. पूर्ण केले. पण माझ्या मते या विद्यापीठाचा खरा विद्यार्थी तो, ज्याचे नाव कुठेच छापून येत नाही: पदोन्नतीसाठी पदवी लागणारा हवालदार, किंवा ‘ग्रॅज्युएशन पूर्ण करून टाक’ हे आईचे शब्द पंधरा वर्षांनी पाळणारी लेक.

एक रविवार

या पट्ट्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी एक रविवार बसून काढला. संपर्कसत्र होते. वर्गात पंचवीसेक माणसे. पुढच्या बाकावर तिशी ओलांडलेल्या एक ताई होत्या. मुलीच्या शाळेचे पॅड त्यांनी आणले होते आणि त्यावर चिकटवलेल्या कार्टूनवर पेन ठेवून त्या गृहपाठ उतरवत होत्या. मागे एक पोरगा रात्रपाळीवरून थेट आलेला, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी तशीच. डोळे लाल. दोनदा डुलकी लागली, दोन्ही वेळा शेजाऱ्याने कोपराने उठवले.

समंत्रक सर, म्हणजे मुक्तच्या भाषेत मार्गदर्शन करणारे शिक्षक, अर्थशास्त्र शिकवत होते. मागणीचा नियम सांगताना त्यांनी कांद्याचा भाव घेतला आणि वर्ग एकदम जागा झाला. मागचा तो पोरगाही बोलला. त्याच्या घरी कांदा होता. पुढची वीस मिनिटे त्या खोलीत जे चालले, ते कुठल्याही नामांकित महाविद्यालयातल्या तासाच्या तोडीचे होते.

तास संपल्यावर ताईंना विचारले, पुस्तके तर मोबाइलवरही मिळतात, मग इतक्या लांब का येता? त्या म्हणाल्या, ‘घरी मी आई असते, सून असते. इथं आले की विद्यार्थिनी होते.’ त्या दिवशी मी वहीत लिहिलेले हे सगळ्यात महत्त्वाचे वाक्य.

फोनवर आलेले विद्यापीठ

आता ऑनलाइनचे पाहू. लोक सगळ्यालाच ‘ऑनलाइन’ म्हणतात, पण यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत महागात पडते.

पहिली, दूरशिक्षणाची पदवी. नाव विद्यापीठात, पुस्तके घरी, मदत अभ्यासकेंद्रावर. मुक्त विद्यापीठ, इग्नू, पुण्याची मुक्त अध्ययन प्रशाला हे सगळे यात येतात. दुसरी, पूर्ण ऑनलाइन पदवी. तास, गृहपाठ, चर्चा सगळे पडद्यावर. यासाठी विद्यापीठाला वेगळी मान्यता लागते आणि अट अधिक कडक असते. तिसरी, सुटा अभ्यासक्रम. केंद्र सरकारचे ‘स्वयम’ हे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये सुरू झाले. आयआयटींचा ‘एनपीटेल’ उपक्रम त्याहून जुना, २००३ चा. शिकणे फुकट, प्रमाणपत्र हवे तर शुल्क भरून, केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची.

या तिसऱ्या प्रकाराचा उपयोग आपल्या नेहमीच्या महाविद्यालयातल्या मुलांनाही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून घेऊन त्यांची क्रेडिट पदवीत धरता येतात. ती जमा होतात अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये; ही बँकही २०२१ चीच. म्हणजे शिरूरच्या वाणिज्य शाखेत जो विषय शिकवायला प्राध्यापकच नाही, तो विषय मुलगी देशातल्या दुसऱ्या टोकाच्या प्राध्यापकाकडून शिकू शकते आणि त्याचे गुण तिच्या स्वतःच्या गुणपत्रिकेवर येऊ शकतात. अट एकच: तिच्या महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने ते मान्य करायला हवे. २०२२ पासून तर एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा आहे. एक नेहमीची आणि एक दूरस्थ किंवा ऑनलाइन.

आणि आवाज खाली आणणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पाठ करून ठेवावी: मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन मार्गाने घेतलेली पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. सरकारी नोकरीच्या अर्जासाठी ती पूर्ण पदवी आहे. ‘नुसती मुक्तची’ असे म्हणायचे आता काही कारण नाही.

माणसे गळतात कुठे

कायद्याने समान ठरलेली गोष्ट व्यवहारात समान होतेच असे नाही. मार्च २०२० ची टाळेबंदी आठवा. शाळा-महाविद्यालये एका रात्रीत फोनवर गेली. घरात फोन एक, शिकणारी मुले तीन. भावाचा तास असला की बहिणीचा बुडायचा. रेंजसाठी गच्चीवर, बांधावर, गावाबाहेरच्या झाडाखाली बसलेली मुले आपण पाहिली आहेत. तेव्हापासून अनेकांच्या मनात ऑनलाइन म्हणजे ‘तसले’ शिक्षण हे पक्के बसले. ती आणीबाणीची सोय होती, शिक्षणाची रीत नव्हती, हा फरक सांगायचा राहून गेला.

रेंज आता बरीच सुधारली. अडचणी वेगळ्या आहेत. पहिली भाषेची. ‘स्वयम’वरचे बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून आलेले मूल पहिल्या आठवड्यात उत्साहाने बघते, तिसऱ्या आठवड्यात मागे पडते आणि पाचव्यात सोडून देते. त्याला विषय अवघड गेला असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा त्याला वाक्य अवघड गेलेले असते.

दुसरी अडचण एकटेपणाची. पडदा आपल्याला हजर आहेस का विचारतो, पण गैरहजर राहिलो तर घरी निरोप पाठवत नाही. महाविद्यालयातली मैत्रीण पाठवते. फॉर्मची तारीख, गृहपाठाची मुदत, विषय राहिला तर पुन्हा बसायची पद्धत, या लहान लहान गोष्टींत माणसे हरवतात. अभ्यासात नापास होणाऱ्यांपेक्षा फॉर्ममध्ये नापास होणारे मला जास्त भेटले.

तिसरी अडचण मुलींची, आणि ती नाजूक आहे. घरी बसून शिकता येते ही त्यांच्यासाठी मोठी सोय. लग्न झाले, मूल झाले, तरी पदवी सुटत नाही. पण तीच सोय उलटूही शकते. ‘ऑनलाइन होतंय ना, मग कशाला रोज एसटीने जायचं?’ हा प्रश्न मुलीला घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवरून मागे ओढतो. जिला महाविद्यालयात जाता येते, तिने महाविद्यालयातच गेले पाहिजे. ऑनलाइन ही ज्यांना जाता येत नाही त्यांची वाट आहे. जाऊ न देणाऱ्यांचे निमित्त ती होता कामा नये.

शेजारच्या खोलीचे बळ

महाराष्ट्राने ही कोंडी एकदा फोडलेली आहे. एमकेसीएलची, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, स्थापना २००१ ची, आणि पाठोपाठ आली एमएस-सीआयटी ही संगणक-साक्षरतेची परीक्षा. तिचा अभ्यासक्रम संगणकावरच होता, विद्यार्थी आपल्या गतीने पुढे जात असे. तरीही ती खेडोपाडी पसरली ती आळीतल्या केंद्रामुळे. तिथे चार संगणक असायचे, वेळ ठरलेली असायची, आणि माऊस हातात धरायला शिकवणारी एक ताई असायची. ज्यांनी आयुष्यात संगणक पाहिला नव्हता अशी लाखो माणसे त्या खोल्यांतून पास होऊन बाहेर पडली. धडा संगणकाने दिला, धीर त्या ताईने दिला.

ऑनलाइन शिक्षणाविषयी मला एवढेच ठामपणे सांगायचे आहे. त्यालाही खोली लागते, आणि त्या खोलीत ओळखीचे एक माणूस लागते. ती खोली तालुक्याच्या महाविद्यालयात आधीपासून आहे. संगणककक्ष आहे, जोडणी आहे, शिक्षक आहेत. संध्याकाळी पाचनंतर आणि रविवारी तिला कुलूप असते. ते कुलूप काढायला नवी इमारत लागत नाही. एका प्राध्यापकावर जबाबदारी द्यावी आणि त्याच्या त्या तासांचे मानधन द्यावे. सत्राच्या सुरुवातीला मराठीतून फॉर्म समजावून सांगावा. ‘स्वयम’चा एक अभ्यासक्रम दहा-पंधरा जणांनी एकत्र बसून बघावा, मध्ये थांबवून सरांनी मराठीत उलगडावा. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांनी शिकणाऱ्या कामगाराची पाळी परीक्षेच्या आठवड्यात बदलून द्यावी. परीक्षाकेंद्रे पुण्याबाहेर, तालुक्याजवळ आणावीत, म्हणजे एका पेपरासाठी दोन दिवसांची मजुरी बुडणार नाही.

पैसे भरण्याआधी

शेवटी थेट वाचकांशी, कारण प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक चौकात ‘घरबसल्या पदवी’चे फलक लागतात.

एका वर्षात तीन वर्षांची पदवी कुणी देत असेल तर तिथून उठून या. अभियांत्रिकी, वैद्यकीय, नर्सिंग, औषधनिर्माण, फिजिओथेरपी, विधी या शाखांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन मार्गाने देता येत नाहीत. देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. विद्यापीठाचे आणि त्या नेमक्या अभ्यासक्रमाचे नाव आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या (डीईबी) यादीत, त्याच वर्षासाठी आहे का ते पाहा. विद्यापीठांना खासगी कंपन्यांना फ्रँचायझी देऊन असे अभ्यासक्रम चालवता येत नाहीत, हे २०२२ मध्येच जाहीर झाले आहे. प्रवेशासाठी आता डीईबी आयडी लागतो. तो स्वतःच्या फोनवर, स्वतःच काढा. शुल्क विद्यापीठाच्या खात्यात जाते का ते बघा, आणि पावतीवर विद्यापीठाचे नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि अर्ज भरण्याआधी एकदा जवळच्या अभ्यासकेंद्रावर चालत जा. संपर्कसत्रे कोणत्या रविवारी होतात, शिकवायला कोण येते, परीक्षेचे केंद्र कुठे पडते, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारे माणूस भेटले, तर निश्चिंत मनाने नाव घाला, आणि ‘काय करतोस?’ म्हणून कुणी विचारले तर आवाज खाली न आणता सांगा.